खोल समुद्रात गेलेली सबमर्सिबल गप्प होते तेव्हा

जून आणि जुलै हे दोन महिने गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात, जाळी दुरुस्तीसाठी पसरलेली असतात आणि एरवी समुद्रावर असणाऱ्या माणसांना समुद्राबद्दल बोलायला सवड मिळते. 2023 च्या जूनमध्ये तिथल्या गप्पांचा विषय एकच होता. टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी अटलांटिक महासागरात बेपत्ता झाली होती आणि आतल्या 5 जणांना पुरेल एवढा प्राणवायू किती तासांचा उरला आहे, याचे आकडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सतत कमी होत होते. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे संध्याकाळी जेटीवर फिरायला गेलो की मला थांबवून विचारले जाई, ‘सर, काय झाले असेल?’

या प्रश्नाचे उत्तर देताना जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे आशावादी किंवा निराशावादी होतो. वास्तविक तेवढ्यावर थांबण्याची गरज नसते. बेपत्ता यानाबद्दलचा प्रत्येक तर्क आपल्याबरोबर काही अपेक्षा घेऊन येतो: असे झाले असेल तर अमुक दिसायला हवे, तमुक ऐकू यायला हवे. त्या अपेक्षा हाती आलेल्या माहितीशी ताडून पाहिल्या की बरेचसे तर्क आपोआप गळून पडतात. टायटनच्या बाबतीत ही छाननी पहिल्याच दोन दिवसांत बरीचशी करता येण्याजोगी होती, असे माझे मत आहे.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे सबमर्सिबल म्हटले की विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये सोडलेला पंप आठवतो. समुद्रातली सबमर्सिबल म्हणजे थोड्या माणसांना घेऊन खोल पाण्यात उतरणारे छोटे यान. नौदलाची पाणबुडी स्वतःच्या बळावर बंदरातून निघते, आठवडेच्या आठवडे समुद्रात राहते, पण काहीशे मीटरपेक्षा फार खोल जात नाही. सबमर्सिबलचे उलट असते. तिला एखादे मोठे जहाज जागेवर नेऊन सोडते, ती काही तास खोल जाऊन परत येते आणि वर आल्यावर तेच जहाज तिला उचलून घेते. त्यामुळे जहाज आणि सबमर्सिबल यांच्यातला संपर्क हा तिचा खरा आधार असतो.

हा संपर्क रेडिओने होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी थोड्याच अंतरात विरून जातात, म्हणून मोबाइल, जीपीएस, वायरलेस यांपैकी काहीच तिथे चालत नाही. पाण्यातून दूरवर जाणारी एकच गोष्ट म्हणजे ध्वनी. तो पाण्यात सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. टायटन आणि तिचे जहाज ‘पोलर प्रिन्स’ यांच्यामध्ये ध्वनीच्या साहाय्याने छोटे लिखित संदेश जात-येत असत, आणि यान नेमके कुठे आहे हे सांगणारे ध्वनीचे ठोके वेगळ्या यंत्रणेतून मिळत असत. या दोन यंत्रणांचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

18 जून 2023 च्या रविवारी सकाळी, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून काहीशे किलोमीटर दूर, टायटन पाण्यात उतरली. आत यानाच्या मालक कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत अनेकदा जाऊन आलेले फ्रेंच नौदलाचे निवृत्त अधिकारी पॉल-आंरी नार्जोले आणि तीन प्रवासी होते; त्या तिघांत एक पिता-पुत्राची जोडी होती. टायटॅनिक सुमारे 3,800 मीटर खोलीवर आहे. तिथे पोहोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात. साधारण पावणेदोन तासांनी संपर्क तुटला. याआधीच्या सफरींतही टायटनशी संपर्क अधूनमधून तुटत असे, त्यामुळे जहाजावर लगेच धावाधाव झाली नाही आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाला खबर मिळाली ती कित्येक तासांनंतर.

आता तर्क पाहू. मुख्यतः चार मांडले जात होते.

पहिला तर्क असा, की यान पृष्ठभागावर येऊन कुठेतरी तरंगत असेल. हा तर्क आशेचा होता आणि तेवढाच भीतीचाही, कारण टायटनचा दरवाजा बाहेरून 17 बोल्टांनी बंद केला जाई आणि आतून तो उघडणे शक्य नव्हते. पृष्ठभागावर येऊनही आतली माणसे गुदमरू शकली असती. या तर्काच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती. यानाला खाली नेणारी वजने टाकून देण्याचे अनेक मार्ग होते आणि त्यांतले काही विजेशिवाय चालणारे होते. काही वजने तर अशा दुव्यांनी अडकवलेली होती, की ते दुवे समुद्राच्या पाण्यात काही तासांनी आपोआप विरघळावेत आणि आतली माणसे बेशुद्ध असली तरी यान वर यावे. म्हणजे यान धड असेल तर सोमवारपर्यंत ते पाण्यावर दिसायला हवे होते. विमानांनी हजारो चौरस किलोमीटरांचा समुद्र धुंडाळला. मंगळवारपर्यंत शोधलेले क्षेत्र 26,000 चौरस किलोमीटरांच्या घरात गेले होते, म्हणजे अख्ख्या गोव्याच्या सातपट. अर्थात 7 मीटरही लांब नसलेली, बहुतांश पाण्याखाली राहणारी पांढरी वस्तू फेसाळ लाटांतून ओळखणे फार अवघड असते, हे मान्य करावेच लागेल. तरीही प्रत्येक दिवसाच्या शोधानंतर हा तर्क थोडा थोडा क्षीण होत होता.

दुसरा तर्क: यान टायटॅनिकच्या सांगाड्यात किंवा जुन्या जाळ्यात अडकले असेल. असे प्रसंग घडलेले आहेत. 2005 च्या ऑगस्टमध्ये रशियाच्या कामचटका किनाऱ्याजवळ ‘एएस-28’ हे नौदलाचे छोटे यान 7 जणांसह सुमारे 190 मीटर खोलीवर जाळी आणि केबल यांत गुरफटले. ब्रिटनहून आणलेल्या दूरनियंत्रित यंत्राने ते फास कापले आणि सातही जण जिवंत वर आले. त्याआधी 1973 मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला ‘पायसिस-3’ सुमारे 480 मीटर खोल तळावर जाऊन पडली होती. तीतले दोघे तीन दिवसांहून अधिक काळ अंधारात आणि थंडीत बसून राहिले, आणि त्यांना बाहेर काढले तेव्हा जेमतेम काही मिनिटांचा प्राणवायू उरला होता. टायटनसाठी प्रार्थना करणारे अनेक जण या पायसिसचा दाखला देत होते. पण दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान होती, तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. अडकलेली माणसे वरच्या लोकांशी बोलत होती. यान अडकले म्हणून आवाज बंद होत नाही.

तिसरा तर्क वीज गेल्याचा. वीज गेली तर दिवे, पंखे, संदेशयंत्रणा बंद पडेल आणि यान मुके होईल. मला स्वतःला हा तर्क पहिल्या दिवशी सर्वांत पटण्यासारखा वाटला होता. त्याला छेद दिला तो जेटीवरच्या एका तांडेलाने. हे गृहस्थ मूळचे देवगडकडचे. जाळ्याचे तुटलेले आस सांधता सांधता मान वर न करता ते म्हणाले, ‘सर, इंजिन बंद पडला तर वायरलेस चलता. वायरलेस बंद पडलो तर इंजिन चलता. दोनूय एकाच टायमाक गेली तर समजायचा, होडीच गेली.’

हे त्यांनी ट्रॉलरच्या अनुभवावरून सांगितले होते, आणि नेमके हेच कारण चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी पुढे मुलाखतींत दिले. कॅमेरॉन यांचा अनुभव निव्वळ चित्रपटांचा नाही. 2012 मध्ये ते एकट्याने मारियाना गर्तेच्या तळाशी, 10,900 मीटरच्या आसपास, जाऊन आले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की संदेश आणि स्थान सांगणारे ठोके एकाच क्षणी थांबले, आणि ठोके देणाऱ्या उपकरणाची बॅटरी व दाब सोसणारे कवच स्वतंत्र असते. यानाची वीज गेली तरी ते ठोके देत राहते. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी योगायोगाने बिघडण्याची शक्यता अगदी थोडी, तर दोघींना एकाच घटनेने संपवण्याची शक्यता खूप मोठी. राहिला तो चौथा तर्क, अंतःस्फोटाचा.

स्फोटात आतला दाब बाहेर फुटतो, अंतःस्फोटात बाहेरचा दाब आत कोसळतो. मी शाळेत दरवर्षी एक प्रयोग करून दाखवत असे. खोबरेल तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात कपभर पाणी घालून स्टोव्हवर उकळू द्यायचे, वाफेने आतली हवा हुसकावून लावली की डबा उतरवून झाकण घट्ट बसवायचे आणि वरून गार पाण्याचा तांब्या ओतायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग एका बाजूला बोटभर पोचा पडतो, पत्रा कुरकुरतो आणि पाहता पाहता सगळा डबा त्या पोच्याकडे ओढला जाऊन चुरगळतो. पहिल्या बाकावरची मुले दरवेळी मागे सरकत. डब्याला बाहेरून दाबणारी असते ती आपल्या भोवतीची साधी हवा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो एवढ्या भाराने. आणि मुलांना मी मुद्दाम दाखवत असे ते हे, की डबा सगळीकडून सारखा बारीक होत नाही. तो एका कमकुवत जागी हार खातो, आणि एकदा तिथे आकार बिघडला की उरलेल्या पत्र्याची ताकद काही कामाची राहत नाही.

समुद्रात दर 10 मीटर खोलीला एवढाच दाब आणखी वाढत जातो. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंडला स्कूबा करायला जाणाऱ्यांनी झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली बरोबर नेली, तर दहा-बारा मीटरवरच ती पिचून निम्मी झालेली दिसते. टायटनशी संपर्क तुटला तेव्हा ती सुमारे 3,340 मीटर खोलीवर होती. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर एक टनाहून अधिक भार असतो, आणि तो यानाच्या इंच इंच पृष्ठभागावर एकाच वेळी असतो. अशा ठिकाणी कवच हरले तर सगळा खेळ काही हजारांश सेकंदांत संपतो. डोळ्यांसमोरची गोष्ट मेंदूला जाणवायला साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो. आतल्या माणसांना काही कळले असेल का, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे, निदान अखेरच्या क्षणापुरते.

कवच का हरले असावे, याचाही उलगडा यानाच्या बांधणीतून होतो. खोल जाणाऱ्या यानांत माणसांची खोली बहुधा धातूच्या गोलासारखी असते, कारण गोलावर दाब सगळीकडून सारखा विभागला जातो आणि कुठलीही एक जागा जास्त सोसत नाही. आपल्या देशाची ‘मत्स्य-6000’ ही सबमर्सिबल चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत घडते आहे. 3 माणसांना 6,000 मीटरपर्यंत नेणारा तिचा गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, आतून 2.1 मीटर व्यासाचा आणि 80 मिलिमीटर जाडीचा आहे. (गोवेकरांना यात आपलेपणा वाटावा असे एक कारण आहे. समुद्रतळावरच्या ज्या बहुधात्विक खनिजगोळ्यांच्या ओढीने भारत एवढ्या खोलीकडे वळला, त्यांचा पहिला नमुना 1981 मध्ये दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने वर काढला होता.)

टायटनचा आकार मात्र पिंपासारखा लांबट होता. पाच माणसे बसवायची तर गोल फार मोठा आणि जड झाला असता. हे पिंप सुमारे 127 मिलिमीटर जाडीच्या कार्बन फायबरचे होते आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमची अर्धगोल झाकणे होती. कार्बन फायबर वजनाला हलका आणि ताणाला जबरदस्त असतो, म्हणून विमानांत त्याचे कौतुक. विमानाच्या अंगावर आतून बाहेर ताण असतो. समुद्रात तो बाहेरून आत असतो. सुंभाचा दोर ओढून तोडायला दहा माणसे लागतील, पण तोच दोर दोन्ही टोकांनी आत ढकलला तर पोरसुद्धा वाकवेल. कार्बन फायबर राळेत बसवून थरावर थर चढवलेला असल्यामुळे तो दोराइतका हतबल नसतो, तरी दाबाखाली त्याची भिस्त थर एकमेकांना चिकटून राहण्यावर असते. पावसाळ्यात प्लायवूडच्या दाराचे पापुद्रे सुटताना आपण पाहतो. एकदा कोपरा सुटला की दर पावसाळ्यात तो थोडा पुढे उकलतो. टायटनची प्रत्येक खोल बुडी हा तिचा एक पावसाळा होता. 2022 च्या जुलैमध्ये वर येताना तिच्यातून मोठा आवाज ऐकू आला आणि त्यानंतरच्या फेऱ्यांत कवचावर बसवलेल्या ताणमापकांच्या नोंदी आधीपेक्षा वेगळ्या येऊ लागल्या, हे चौकशीत उघड झाले. नोंदी घेणारी यंत्रे होती. त्या नोंदी वाचून यान थांबवण्याचा निर्णय झाला नाही. कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून या यानाचे प्रमाणीकरणही करून घेतलेले नव्हते.

मग शोधादरम्यान ऐकू आलेल्या ठोक्यांचे काय? कॅनडाच्या विमानांनी समुद्रात सोनोबॉय टाकले होते. सोनोबॉय म्हणजे पाण्यावर तरंगत खाली कान लावून बसणारे उपकरण. आपल्या दाबोळीहून उडणारी नौदलाची पी-8आय विमानेही पाणबुड्या शोधताना तीच टाकतात. त्यांवर ठराविक अंतराने ठक-ठक ऐकू आल्याची बातमी बुधवारी पसरली आणि जगभर आशा पालवली. मी मात्र त्या वेळी 2017 ची ‘आरा सान हुआन’ आठवत होतो. अर्जेंटिनाची ही पाणबुडी 44 जणांसह बेपत्ता झाल्यावर आधी उपग्रह-दूरध्वनीचे अर्धवट कॉल, मग पाण्यातले ठोके, असे एकेक आशेचे धागे निघाले आणि तपासाअंती पाणबुडीशी त्यांचा संबंध नसल्याचे ठरले. खरा पुरावा भलतीकडेच होता. अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी महासागरात बसवलेल्या ध्वनिग्राहकांनी ती गप्प झाली त्याच दिवशी, 15 नोव्हेंबरला, एक मोठा आवाज नोंदवला होता. वर्षभराने 900 मीटरच्या आसपास खोलीवर तिचे अवशेष सापडले. समुद्र कधीच नि:शब्द नसतो. जहाजांचे पंखे, देवमासे, तळावर हलणारे लोखंड, सगळे काही ठोके देते. ऐकायची इच्छा तीव्र असली की त्या गोंगाटात लय सापडतेच.

टायटनच्या बाबतीतही असा आवाज नोंदला गेला होता. अमेरिकी नौदलाच्या पाण्याखालच्या ध्वनियंत्रणेने रविवारीच अंतःस्फोटाशी जुळणारी खूण टिपली आणि ती शोधप्रमुखांना कळवलीही. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही म्हणून शोध चालू ठेवला गेला. हा निर्णय मला बरोबर वाटतो. एका आवाजावर पाच माणसांवर पाणी सोडता येत नाही. जगाला मात्र हे गुरुवारी कळले, आणि तोवरचे चार दिवस सगळ्यांचे लक्ष 96 तासांच्या प्राणवायूच्या हिशेबावर खिळले होते. तो हिशेब यान धड असेल तरच लागू पडत होता. शिवाय धड असते तरी तळावरून उचलून आणायचे साधन जवळपास नव्हते; भारतीय नौदलाकडे असलेली खास बचाव-याने घ्या, त्यांची मर्यादा 650 मीटरच्या आसपास आहे. 22 जूनच्या सकाळी एवढ्या खोलीवर जाऊ शकणारे ‘ओडिसियस’ हे दूरनियंत्रित यंत्र तळाशी पोहोचले आणि काही तासांतच टायटॅनिकच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुमारे 500 मीटरवर टायटनचे शेपटाकडचे टोक त्याच्या दिव्यांत दिसले.

तरीही तर्क थांबले नाहीत. यानातून जहाजाला पाठवलेल्या संदेशांचा एक कथित उतारा फिरू लागला. त्यात धोक्याचे इशारे आणि वर येण्याची धडपड होती, आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकावा असा तो रचलेला होता. तपासकर्त्यांनी तो बनावट ठरवला. खऱ्या संदेशांत घबराट नव्हती. शेवटचा संदेश दोन वजने टाकल्याचा होता. सुरुवातीला काहींनी त्याचा अर्थ ‘संकट ओळखून वर निघाले’ असा लावला, परंतु तळ जवळ येऊ लागला की उतरण्याचा वेग कमी करण्यासाठी वजने टाकणे हा नेहमीच्याच कामाचा भाग होता.

या शेवटच्या संदेशाबद्दलचा एक तपशील 2025 मध्ये तटरक्षक दलाने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीमुळे समजला. पोलर प्रिन्सवरच्या खोलीत संगणकासमोर टायटनचे संदेश पाहणारी माणसे बसली आहेत. दार जोरात आपटावे तसा एक आवाज येतो. एक महिला वळून, हा कसला आवाज, असे विचारते. ध्वनीला तेवढी खोली ओलांडून वर यायला सव्वादोन सेकंद पुरतात. संदेशाला मात्र यंत्रांतून उलगडून पडद्यावर येईपर्यंत त्याहून अधिक वेळ लागत असे. त्यामुळे आवाजाच्या आधी पाठवलेला संदेश आवाजानंतर काही सेकंदांनी पोहोचला: दोन वजने टाकली. तो वाचून खोलीतली माणसे निश्चिंत झाली आणि आपल्या कामाला लागली.